तक्ता आडवा वाचा, मग उभा वाचा

सहामाहीचे गठ्ठे दिवाळीच्या सुट्टीत घरी नेलेल्या शिक्षकांची पत्रं नोव्हेंबरात येतात, हे मला आता पाठ झालं आहे. यंदा त्यांतल्या बऱ्याच पत्रांत एकच शब्द आहे: रुब्रिक. ज्यांच्या कानावर तो अजून पडला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डावीकडे कामाचे निकष, प्रत्येक निकषासमोर तीन-चार पायऱ्या आणि प्रत्येक चौकटीत त्या पायरीवरचं काम कसं दिसतं याचं वर्णन, असा हा तक्ता. मी ३१ वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. त्यातली शेवटची ११ वर्षं असे तक्ते वापरले, आणि त्यातली पहिली दोन वर्षं चुकीचे वापरले. चार पत्रं निवडली आहेत, प्रत्येकाखाली माझं उत्तर.

बाई, स. न. वि. वि. मी कोथरूडच्या एका शाळेत नववीच्या दोन तुकड्यांना मराठी शिकवते. एकूण ११४ मुलं. प्रशिक्षणानंतर निबंधासाठी आठ निकष आणि चार पायऱ्यांचा छापील तक्ता हातात आला. प्रत्येक निबंधाला तो जोडायचा, खुणा करायच्या. पूर्वी एका निबंधाला चार मिनिटं लागायची, आता बारा लागतात. आणि मार्क तेच येतात! मला ज्याला सात द्यावेसे वाटतात, त्याला तक्त्यातूनही सात-साडेसातच मिळतात. मग हा उपद्व्याप कशासाठी?
– एक शिक्षिका

आधी हिशेब करू. ११४ निबंध, बारा मिनिटांनी, म्हणजे जवळजवळ २३ तास. पूर्वी साडेसात तासांत व्हायचं. यंदा तुमच्याकडे फराळ कोणी केला? तेव्हा तो आठ निकषांचा तक्ता निदान घरच्या गठ्ठ्यांपुरता कपाटात ठेवा. माझा पहिला तक्ता तर बारा निकषांचा होता. शुद्धलेखन, विरामचिन्हं, अक्षर आणि समास हे चार वेगळे निकष! परिणाम असा, की निबंधात काहीही न सांगणाऱ्या पण नेटक्या मुलीला माझ्याकडून दहापैकी आठ मिळाले. वही परत घेताना तिलाच नवल वाटलं होतं.

मार्क तेच येतात म्हणता, ते तुमचे तुम्हाला तेच येतात. शेजारच्या टेबलावरच्या सरांचे? १९१२ साली अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या दोघांनी इंग्रजीच्या दोन उत्तरपत्रिका १४२ शिक्षकांकडून तपासून घेतल्या. एका उत्तरपत्रिकेला शंभरपैकी ६४ पासून ९८ पर्यंत मार्क पडले, दुसरीला ५० पासून ९७ पर्यंत. म्हणजे नापास होणं की पहिलं येणं हे गठ्ठा कोणाच्या घरी गेला यावर. तुमच्या शाळेत हे करून बघायला शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत जायला नको. पाच निबंधांच्या नाव झाकून झेरॉक्स काढा, तीन जणांत वाटा आणि मार्क एकमेकांना न दाखवता लिहा. आमच्याकडे एकाच निबंधाला साडेतीन आणि आठ पडले होते. साडेतीन देणारे सर म्हणाले, 'विषय सोडून लिहिलंय.' आठ देणाऱ्या बाई म्हणाल्या, 'म्हणून तर वाचावंसं वाटलं.' त्या मधल्या सुट्टीत आमचा चहा गार झाला, पण 'विषयाला धरून' म्हणजे काय यावर ३१ वर्षांत पहिल्यांदा आम्ही बोललो.

पण तुमचा प्रश्न याच्याही पुढचा आहे आणि तो बरोबर आहे. नुसते मार्क काढायला अनुभवी शिक्षकाला तक्ता लागतोच असं नाही. त्याचा खरा उपयोग मुलानं तो निबंध लिहिण्याआधी वाचला तर होतो. तपासून झाल्यावर वहीला टाचलेला तक्ता ही पावती. कोणी पावती वाचून स्वयंपाक सुधारत नाही.

रुब्रिक हा शब्दच मुळात लाल रंगावरून आला आहे. लॅटिनमध्ये रुबेर म्हणजे लाल. चर्चच्या जुन्या हस्तलिखितांत प्रार्थना काळ्या शाईत असायची आणि आता उभं राहा, आता हे म्हणा, अशा सूचना लाल शाईत. आपल्या पोथ्यांतही समासाच्या दुहेरी रेघा, दंड, 'उवाच' हे हिंगुळानं किंवा गेरूनं लाल केलेलं दिसतं. भांडारकर संस्थेत जुन्या पोथ्या बघायचा योग आला तर जरूर बघा. ती लाल शाई वाचणाऱ्याला वाट दाखवण्यासाठी होती. चूक खोडायला लाल पेन आपण नंतर धरलं.

आता मुलांनी आधी वाचायचं म्हणजे त्यांना कळेल असं लिहिलेलं हवं. तुमच्या छापील तक्त्यात 'उत्कृष्ट कल्पनाविस्तार, चांगला कल्पनाविस्तार, समाधानकारक कल्पनाविस्तार' असंच आहे ना? हे वर्णन नाही, ही नुसती विशेषणांची उतरंड आहे. २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हा वर्णनात्मक नोंदींचं आपण हेच केलं. 'आवडीने अभ्यास करतो', 'सहभाग घेतो' अशा नोंदी व्हॉट्सअ‍ॅपवरून उतरवून घेतल्या. मूल कोणतंही असो, नोंद बसते.

मला वर्णन लिहायला सातवीच्या मुलांनी शिकवलं, तेही चकलीवरून. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी डब्यांत चकल्याच असतात. तीन घरच्या तीन चकल्या मांडल्या आणि विचारलं, कोणती चांगली? 'ही मस्त, ही बरी, ही नको.' मस्त म्हणजे काय? गप्प. मग एक जण म्हणाला, 'बाई, हिला काटा आहे.' तिथून गाडी सुटली. दहा मिनिटांत फळ्यावर आलं ते असं: काटा टोकदार आणि वेढे एकमेकांना धरून; काटा आहे पण बोथट; काटा नाही, वेढे सुटलेले. दुसरी ओळ: चावली की खुसखुशीत तुटते; कडक, दाढेनंच फोडावी लागते; मऊ पडलेली. एका मुलीनं तर सांगितलं की कडक झाली म्हणजे मोहन कमी पडलं. चौकटीतलं वर्णन असं असावं, म्हणजे वाचणाऱ्याला पुढच्या वेळी काय वाढवायचं तेही सुचतं. शेवटी चवीवरून मात्र भांडण झालं. तिखट कोणाला आवडतं, कोणाला नाही. 'चव तक्त्यात नको, ती खाऊन बघायची,' असं वर्गानंच ठरवलं.

तुमच्या निबंधासाठी तीनच निकष घ्या. कोणते ते या महिन्यात तुम्ही काय शिकवलंत त्यावर ठरवा. शुद्धलेखन दर वेळी मोजायलाच हवं असं नाही. मुलांच्या कानाला सवय नसेल तर मागच्या वर्षीचे दोन निबंध, एक बरा आणि एक चांगला, नावं काढून वर्गात वाचा आणि त्यांनाच वर्णनं लिहू द्या. त्यात एक तास जातो, पण तपासताना तो परत मिळतो.

तपासताना ११४ कागद टाचू नका. वर्गाचा एकच आखीव कागद करा: डावीकडे हजेरी क्रमांक, वर तीन निकष, चौकटीत १, २ किंवा ३. हा कागद आडवा वाचला की एका मुलाचं कळतं. उभा वाचला की माझं कळतं. माझा कागद मला अजून आठवतो. आठवीतली ४८ मुलं, तक्रारपत्र, विषय रस्त्यावरचे खड्डे. मायना आणि रचना या रकान्यात ४१ मुलांना ३. तपशील या रकान्यात ३३ मुलांना १. 'आमच्या भागात खूप खड्डे आहेत, त्यामुळे नागरिकांना खूप त्रास होतो.' तेहेतीस वेळा खूप! आडवं बघत राहिले असते तर तेहेतीस मुलांना 'तपशील वाढव' असा शेरा लिहून मोकळी झाले असते. उभा रकाना बघितल्यावर लक्षात आलं, की मायन्यावर मी दोन तास घालवले होते आणि तपशील कसा गोळा करायचा यावर एक वाक्यही बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी वर्ग फाटकाबाहेर नेला. फाटकापासून कोपऱ्यापर्यंत सतरा खड्डे निघाले. पट्टी कोणी आणली नव्हती, म्हणून एकीनं जेवणाचा डबा आत ठेवून बघितला. डबा झाकणापर्यंत आत गेला. मग तिचं पत्र असं आलं: 'फाटकापासून कोपऱ्यापर्यंत सतरा खड्डे आहेत, त्यांतल्या तिसऱ्यात माझा डबा पूर्ण बुडतो.' मायना चुकला होता. मी त्यावर काही बोलले नाही.

आणखी एक गोष्ट, मुख्याध्यापकांना न विचारता करता येण्यासारखी. वह्या परत करताना पहिल्या दिवशी मार्क लिहू नका. नुसती खूण आणि एक ओळ लिहा. रूथ बटलर यांचा इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवरचा एक अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नुसता शेरा मिळालेल्या मुलांचं पुढचं काम सुधारलं. नुसते मार्क मिळालेल्यांचं सुधारलं नाही, आणि मार्क व शेरा दोन्ही मिळालेल्यांचंही नाही. मार्क दिसले की मूल शेऱ्याकडे बघत नाही, शेजारच्याच्या वहीत बघतं. आपण स्टाफरूममध्ये पगाराच्या चिठ्ठीचं हेच करतो.

बाई, आमच्या मुलीला पाचवीत जलचक्राचं मॉडेल करायचं होतं. शाळेनं निकष आधीच पाठवले होते: आकर्षक मांडणी १०, नीटनेटकेपणा ५, माहिती ५. खरं सांगतो, मॉडेल मी केलं, रात्री साडेअकरापर्यंत. मुलगी दहालाच झोपली. तिला २० पैकी १९ मिळाले. एक मार्क कशात गेला असं शाळेला विचारावं का?
– एक वडील, पिंपळे सौदागर

तो मार्क तुमचा गेला आहे, तिचा नाही. तेव्हा तक्रार करायचा हक्क तुम्हालाच आहे.

तुम्हाला हसत नाहीये. माझ्या मुलाचा शनिवारवाडा मी केला होता, खाकी खोक्यातून, बुरुजांसकट. पण त्या निकषांकडे पुन्हा बघा. २० पैकी १५ मार्क सनबोर्ड, फेविकॉल आणि कात्री चालवणाऱ्या हाताला आहेत. शाळेनं मोठ्या माणसाच्या हातचं काम मागितलं आणि तुम्ही ते दिलंत. मागितलं तेच मिळतं, म्हणून निकष लिहिणाऱ्यानं जपून मागावं.

पालकसभेत विचारायचं असेल तर त्या एका मार्काऐवजी हे विचारा, की मांडणीचे दहा कमी करून त्या जागी 'मॉडेलवर बोट ठेवून समजावून सांगते' असा निकष घेता येईल का? आणि 'मॉडेलमध्ये खऱ्यापेक्षा वेगळं काय आहे ते सांगते' हा? तुम्ही ढग कापसाचेच केले असणार. खरा ढग कापूस नाही आणि वाफही नाही. वाफ दिसत नाही, दिसतात ते पाण्याचे बारीक थेंब किंवा बर्फाचे कण. हे तुमच्या मुलीनं सांगितलं तर मॉडेल वहीच्या पानावर पेन्सिलीनं काढलेलं असलं तरी चालेल, आणि तुम्हालाही दहाला झोपता येईल.

पुढचा प्रकल्प येईल तेव्हा निकषांचा कागद तिच्या हातात द्या आणि काम शाळेत जाण्याआधी तिलाच स्वतःला मार्क देऊ द्या. मुलं स्वतःला जास्त देतात असं आपल्याला वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. मुली तर हमखास कमी देतात, आणि त्यावर बोलावं लागतं.

बाई, मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. टर्मवर्क, म्हणजे सत्रभराचं काम, २५ मार्कांचं, रुब्रिकचे पाच रकाने, प्रत्येकी ५. प्रत्यक्षात आम्ही आधी बेरीज ठरवतो, २१ ते २४ च्या मधली, आणि मग ती पाच रकान्यांत वाटून टाकतो. फायली चकाचक आहेत. याला काही इलाज आहे का?
– एक प्राध्यापक

उत्तर आधी लिहून मग गणित मांडायचं, ही आपली जुनी विद्या आहे. माझा भाचा इंजिनिअरिंगला असताना ड्रॉइंगच्या शीट्स काचेखाली दिवा लावून मित्राच्या शीटवरून उतरवायचा. 'जीटी मारली' म्हणायचा, जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. तुमची टर्मवर्कची बेरीज ही प्राध्यापकांची जीटी आहे.

हे तक्ते तुमच्याकडे आले त्यामागची कल्पना वाईट नाही. अभियांत्रिकीच्या पदव्यांना देशांनी परस्परांत मान्यता देण्याच्या वॉशिंग्टन कराराचा भारत २०१४ मध्ये पूर्ण सदस्य झाला. आपली मान्यताप्राप्त पदवी बाहेरच्या देशांत ग्राह्य धरली जावी, यासाठी काय शिकवून झालं यापेक्षा मुलाला शेवटी काय करता येतं, ते दाखवावं लागतं. दाखवायचं म्हणजे कागद आले, आणि कागद आले की सबमिशनचा आठवडा आला.

पाचही रकाने एकदम खरे करायला जाऊ नका, विभागात एकटे पडाल. एका बॅचपुरता एकच रकाना खरा भरा. जर्नल मिटवायला सांगा आणि त्यानं स्वतः केलेल्या प्रयोगातली एक गोष्ट बदलून विचारा: हा रोध दुप्पट केला तर वाचन किती येईल, आणि का? आकडा आणि कारण दोन्ही बरोबर असेल तर ५, दिशा बरोबर पण आकडा चुकला तर ३, नुसती व्याख्या म्हणून दाखवली तर १. हे वर्णन सत्राच्या सुरुवातीला प्रयोगशाळेच्या दारावर लावा. उरलेले चार रकाने तूर्तास जसे चालले आहेत तसे चालू देत. मी हे लिहिलं असं कोणाला सांगू नका.

बाई, मी तुमचीच विद्यार्थिनी, २००३ च्या दहावीतली. आता आठवीला मराठी शिकवते. 'आमच्या घरातली सकाळ' या विषयावर एका मुलानं निबंधाऐवजी आजी आणि पाण्याचा नळ यांचा संवाद लिहिला आहे. तक्त्यात प्रस्तावना, मध्य, समारोप असे निकष आहेत, त्यांतलं काहीच त्यात नाही. तक्त्याप्रमाणे दहापैकी चार होतात. आणि वर्गातलं सगळ्यात चांगलं लिखाण तेच आहे. काय करू?
– तुमची विद्यार्थिनी

तुझं अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडे झुकलेलं.

मार्क दे आणि तक्ता बदल, या क्रमानं. मुलाला तक्त्यात बसवायला त्याच्या हातून समारोप लिहून घेऊ नकोस. तुझ्या तक्त्याची चूक अशी, की तो निबंधाचे अवयव मोजतो. 'प्रस्तावना आहे' याऐवजी 'पहिल्या चार ओळींत वाचणाऱ्याला आत घेतलं' असं लिहून बघ. 'समारोप आहे' याऐवजी 'जिथे थांबलं तिथे थांबणं पटतं'. आता आजी आणि नळ दोघंही तक्त्यात बसतील, आणि 'आजच्या धकाधकीच्या जीवनात' अशी सुरुवात करणाऱ्या तीस मुलांना प्रस्तावनेचा फुकटचा मार्क मिळणार नाही. तक्ता कडक झाला की मोकळाही होतो, हे मला उशिरा कळलं.

'वर्गातलं सगळ्यात चांगलं' हे मात्र त्याचे मार्क ठरवताना बाजूला ठेव. ती शेजारच्यांशी तुलना झाली. निकष लावायचा म्हणजे शेजारच्यांकडे न बघता लावायचा. २०२२ मध्ये पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या परीक्षकांनी करंडकाच्या योग्यतेची एकांकिका नाही म्हणून करंडक कोणालाच दिला नाही, तेव्हा आपल्या पुण्यात किती दिवस वाद चालला होता ते आठवत असेल. पटो न पटो, निकषावर मोजणं ते असं असतं. पहिला आलेलाही कमी पडू शकतो, आणि एखाद्या वर्षी सगळा वर्ग दहापैकी नऊला पात्र ठरू शकतो. दुसरं झालं तर मुख्याध्यापक तुला बोलावून घेतील. तेव्हा तक्ता घेऊन जा.

आणि काही गोष्टी तक्त्याबाहेर राहू देत. चकलीच्या चवीचं वर लिहिलंय ते वाच. मी कागदाच्या खाली एक रिकामी ओळ ठेवायची, तिला मार्क नसायचे. वाचताना मला काय झालं, ते तिथे लिहायचं. ही ओळ मी ठेवायला लागले त्याचं कारण तुमच्या आधीच्या एका तुकडीत आहे. 'पावसाळ्यातील एक दिवस' या विषयावर एका मुलानं फक्त घरात गळतीखाली कुठे कुठे कोणतं भांडं ठेवलं होतं ते लिहिलं होतं. टोप, परात, बादली, बाबांचा जेवणाचा डबा. आणि प्रत्येकात थेंब पडल्याचा आवाज कसा वेगळा येतो ते. इंद्रधनुष्य नाही, बळीराजा नाही. मी लाल पेननं 'विषयाला धरून लिही' असं लिहून चार दिले होते. तेवढेच, जेवढे तुझा तक्ता आज देतोय.

त्या मुलाची वही परत करायच्या आधी तो संवाद वर्गात वाचून घे. पण त्यालाच वाचू दे, आणि नळाचं बोलणं दुसऱ्या कोणाला तरी दे. तू वाचलास तर आजी आणि नळ दोघंही बाईंसारखेच बोलतील.